नेफेश म्हणजे आत्मा का? आधी स्वतःच्या गळ्याला हात लावून बघा

तुमचा प्रश्न आधी परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमची आजी तीन महिन्यांपूर्वी गेली, घरी प्रार्थनेला आलेल्या पाळकसाहेबांनी उत्पत्ती २:७ वाचलं, मराठी शास्त्रात तिथे माणूस 'जीवधारी प्राणी' झाला असं आहे आणि तुमच्या भावाकडच्या जुन्या इंग्रजी किंग जेम्समध्ये 'लिव्हिंग सोल' आहे. भाऊ म्हणतो मूळ हिब्रूत नेफेश आहे, नेफेश म्हणजे आत्मा, मराठीवाल्यांनी आत्मा उडवून प्राणी करून टाकलं. वर कोणीतरी सांगितलं की बायबलमध्ये गाईगुरांनाही नेफेश आहे, त्यामुळे तुमचा गोंधळ अजून वाढला. तुम्ही विचारताय: मराठी भाषांतर चुकलंय का?

माझं थेट उत्तर, नाही चुकलं. पण मला वाटतं खरा प्रश्न भाषांतराचा नाहीच, तुम्हाला विचारायचंय की आजीचं काय उरलं, आणि हा एक शब्द त्याबद्दल काही सांगतो का. ते तुम्ही स्पष्ट लिहिलं नाहीये, पण शेवटच्या दोन ओळी वाचून तसं वाटलं. तेव्हा दोन्हीकडे जाऊया, घाई न करता.

एक आधीच सांगतो. मी वीसेक वर्षं हिब्रू शिकवतोय, भाषांतरं तपासायला बसलोय, त्यामुळे शब्द कुठे काय अर्थानं येतो हे मी खात्रीनं सांगू शकतो. मेल्यानंतर काय होतं याबद्दल तुमच्या मंडळीची शिकवण काय हे मात्र तुम्ही कुठल्या परंपरेत आहात त्यावर अवलंबून आहे. कॅथलिक शिकवण आत्मा अमर मानते, अॅडव्हेंटिस्ट मंडळी मृत्यूला पुनरुत्थानापर्यंतची झोप मानतात, आणि दोघंही तेच बायबल वाचतात. एका शब्दाच्या अर्थावरून हा वाद मिटत नाही, कोणी तसं सांगत असेल तर जरा थांबून ऐका.

आता शब्द.

नेफेश हा शब्द हिब्रू बायबलमध्ये साधारण ७५० वेळा येतो. ७५० वेळा येणाऱ्या शब्दाला एकच अर्थ असेल ही अपेक्षाच सोडा, आपला 'जीव' शब्द बघा ना, जीव गेला, जीव लावला, जीव घाबरा झाला, जीव तहानेला, घरात सात जीव खाणारे, मुका जीव, हे सगळं आपण एकाच शब्दात भागवतो आणि कुणाचा गोंधळ होत नाही. नेफेशचं तसंच आहे, म्हणजे इतकं तसंच आहे की मी वर्गात पहिल्या दिवशी सांगतो, इंग्रजी डिक्शनरी बाजूला ठेवा, तुम्ही मराठी आहात, हा शब्द तुम्हाला अमेरिकन विद्यार्थ्यापेक्षा सोपा जाणार आहे.

पण या सगळ्या अर्थांच्या तळाशी जी वस्तू आहे ती अगदी शरीराची आहे. घसा. गळा. ज्यातून श्वास जातो, पाणी उतरतं, घास उतरतो ती नळी. नेफेशचा शेजारी शब्द अक्कादी भाषेत, म्हणजे जुन्या इराककडच्या भाषेत, नपिश्तू, त्याचा अर्थ गळा, श्वास आणि जीव असा तिन्ही. १९२५ साली लोरेन्झ ड्यूर नावाच्या जर्मन अभ्यासकानं हे दाखवून दिलं की हिब्रू नेफेशसुद्धा कित्येक ठिकाणी सरळ 'गळा' म्हणूनच वाचायला हवा. पुढे १९२९पासून सिरियाच्या किनाऱ्यावर उगारितचं उत्खनन सुरू झालं, तिथल्या मातीच्या पाट्यांवर मृत्युदेव मोतचा नेफेश, म्हणजे त्याचा आ वासलेला घसा आणि त्याची भूक, अशी वर्णनं निघाली, म्हणजे या शब्दाचा हाच वापर शेजारच्या भाषेतही मिळाला. अरबीतला नफस म्हणजे श्वास आणि नफ्स म्हणजे 'स्व', जो उर्दूतून आपल्या कानावर पडतो, तेही याच घराण्यातले.

बायबलमध्ये हे कुठे दिसतं? स्तोत्र ६९ची पहिली ओळ घ्या (हिब्रू प्रतीत ती दुसरी मोजतात, स्तोत्राचं शीर्षक तिथे पहिलं वचन धरलं जातं, आकडे जुळले नाहीत तर घाबरू नका). देवा मला वाचव, कारण पाणी 'नेफेशपर्यंत' आलंय. एकदा एका तपासणीला आम्ही सात-आठ जण बसलो होतो, 'पाणी माझ्या आत्म्यापर्यंत आले' असं कोणीतरी कच्च्या मसुद्यात लिहिलेलं, मी वाचून दाखवलं आणि विचारलं, काय समजलं. सगळे गप्प. मग सांगलीकडच्या एक आजी होत्या, साठीच्या पुढच्या, शाळा चौथीपर्यंतची, त्या म्हणाल्या, "आत्म्यापर्यंत पाणी कसं येईल ओ सर, पाणी येतं ते हितवर," आणि त्यांनी हात असा आडवा करून गळ्याला लावला. २०१९च्या पुरात कृष्णेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं होतं, त्या माळ्यावर जायच्या शिडीला धरून उभ्या होत्या. त्यांना हिब्रूतलं एक अक्षर येत नव्हतं, आणि ड्यूरनं अक्कादी पाट्या चाळून जे काढलं ते त्यांनी तळहातानं दाखवलं. त्या दिवसापासून मी हे वचन शिकवताना तोंडानं काही सांगत नाही, नुसता हात गळ्याला लावतो.

योना २:५ तसंच. माशाच्या पोटात योना म्हणतो पाण्यानं मला नेफेशपर्यंत वेढलं, आणि पुढच्याच श्वासात, शेवाळ माझ्या डोक्याला गुंडाळलं. गळा, मग डोकं, म्हणजे पाणी चढतंय. तिथे आत्मा घातला की बुडणारा माणूसच नाहीसा होतो. आपल्याकडे 'प्राण कंठाशी आले' म्हणतात ना, त्यात गळा आणि जीव जसे एकमेकांत मिसळलेत, तेच इथे एका शब्दात आहे. यशया ५:१४मध्ये तर अधोलोकालाही नेफेश आहे, शेओलनं आपला नेफेश रुंद केला आणि तोंड बेसुमार उघडलं. अधोलोकाला कसला आत्मा? घसाच तो.

आणि स्तोत्र १०५:१८. योसेफाला इजिप्तमध्ये गुलाम म्हणून विकलं, त्याचं वर्णन आहे, पाय बेड्यांनी दुखावले, आणि त्याचा नेफेश लोखंडात गेला. पाय बेडीत, मग गळा कशात? गळ्यात लोखंडी कडं. सरळ आहे. पण लॅटिन भाषांतरात इथे 'आनिमा', म्हणजे आत्मा, आलं, त्यावरून जुन्या इंग्रजी स्तोत्रांत 'लोखंड त्याच्या आत्म्यात शिरलं' असं झालं, आणि ते इतकं गाजलं की इंग्रजीत वाक्प्रचार होऊन बसला. कविता म्हणून सुंदर आहे, मी नाकारत नाही. पण गुलामाच्या गळ्यातलं खरंखुरं कडं त्यात हरवलं, आणि माझ्या मते ते हरवणं लहान गोष्ट नाही.

घसा म्हटलं की भूक-तहान आलीच. गणना ११:६मध्ये रानात इस्राएल लोक काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवून रडतात आणि म्हणतात आमचा नेफेश सुकून गेला, मान्न्याशिवाय, म्हणजे रानात देवानं दिलेल्या त्या अन्नाशिवाय, डोळ्यांना काही दिसत नाही. नीतिसूत्रे २५:२५, दमलेल्या नेफेशला थंड पाणी तशी दूरदेशाहून आलेली चांगली बातमी. ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना हे वचन समजावून सांगावं लागत नाही. अनुवाद २३:२४ मला फार आवडतं, शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर नेफेश भरेपर्यंत खा, पण टोपलीत भरून घेऊ नको. भूक भागव, साठा करू नको, एवढा मोठा सामाजिक कायदा नेफेश आणि टोपली या दोन शब्दांत बसलाय.

आता ही वचनं डोक्यात ठेवून स्तोत्र ४२ वाचा. हरिणी पाण्याच्या ओहोळांसाठी धापा टाकते तसा माझा नेफेश देवासाठी, माझा नेफेश तहानलाय देवासाठी. आपण हे 'आध्यात्मिक तहान' म्हणून वाचतो, म्हणजे खरी तहान नाही, मनातली वगैरे. हिब्रू ऐकणाऱ्याच्या कानात मात्र तो कोरडा पडलेला घसाच ऐकू येतो. देव हवाय तो असा हवाय, उन्हातून आलेल्या माणसाला माठातलं पाणी हवं असतं तसा. शरीराला बाजूला ठेवून करायची ही भक्ती नाहीये. या शब्दाचं धर्मशास्त्रीय महत्त्व मला कोणी एका वाक्यात विचारलं तर मी हेच सांगेन: बायबल माणसाला सगळ्यात आधी गरजवंत म्हणून बघतं, सतत काहीतरी आत घ्यावं लागणारा, नाही मिळालं तर काही मिनिटांत संपणारा, आणि त्याच गरजेला ते देवाकडे उघडलेलं तोंड समजतं.

इथून उत्पत्ती २:७ बघा. देवानं जमिनीच्या मातीचा माणूस घडवला, त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकला, इथे श्वासाला शब्द नेशामा आहे, नेफेश नाही, आणि मग माणूस 'नेफेश हय्या' झाला, हय्या म्हणजे जिवंत. नीट लक्ष द्या, देवानं माणसात नेफेश घातला असं वाक्य नाहीये. माती अधिक श्वास, आणि त्यातून जे उभं राहिलं ते अख्खं म्हणजे नेफेश. माणूस नेफेश 'झाला'. तुमचा भाऊ जसं समजतोय, म्हणजे शरीर नावाच्या डब्यात आत्मा नावाची वस्तू ठेवली, तसं चित्र या वाक्यात बसतच नाही. म्हणून 'जीवधारी प्राणी' हे भाषांतर ऐकायला रुक्ष वाटलं तरी चुकलेलं नाही, मला वैयक्तिक विचाराल तर नुसतं 'जिवंत जीव झाला' जास्त आवडलं असतं, पण ते माझं मत.

आणि हो, गाईगुरांचं खरं आहे. उत्पत्ती १:२०, १:२१, १:२४, तिथे पाण्यातले जीव, जमिनीवरचे जीव, सगळ्यांना हुबेहूब हेच दोन शब्द आहेत, नेफेश हय्या, आणि ते माणसाच्या आधी आलेत. किंग जेम्सवाल्यांनी तिथे 'क्रीचर' केलं आणि माणसाच्या वेळी 'सोल', त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं माणसाला काहीतरी वेगळं मिळालं. हिब्रूत शब्द तोच आहे, फरक भाषांतरकाराच्या पेनात झाला. माणसाचं वेगळेपण बायबल सांगतं, पण ते 'देवाच्या प्रतिरूपाचा' या शब्दांत, उत्पत्ती १:२७मध्ये, नेफेशमध्ये नाही. नीतिसूत्रे १२:१० म्हणतं नीतिमान माणूस आपल्या जनावराचा नेफेश जाणतो. ज्याच्या गोठ्यात बैल आहे तो मुका जीव म्हणजे काय ते जाणतो, तेच हे.

'आत्मा' न वापरण्यामागे मराठीची स्वतःची दोन कारणं आहेत, ती तुमच्या भावाला जरूर सांगा. पहिलं म्हणजे आत्मा हा शब्द मराठी शास्त्रात आधीच दुसऱ्या शब्दासाठी लागलाय, हिब्रू रूअख आणि ग्रीक न्यूमासाठी. देवाचा आत्मा जलावर, पवित्र आत्मा, हे सगळं रूअखच्या घरातलं. त्यात नेफेशलाही आत्मा केलं तर दोन वेगळे हिब्रू शब्द एकाच भांड्यात पडतील. इंग्रजीत सोल आणि स्पिरिट असे दोन शब्द आहेत, मराठीनं जीव आणि आत्मा अशी वाटणी केली. म्हणूनच १ थेस्सलनी ५:२३मध्ये 'आत्मा, जीव व शरीर' असं येतं.

दुसरं कारण खोल आहे. आपल्या मातीत आत्मा म्हटलं की शस्त्रानं न तुटणारा, आगीनं न जळणारा, जुनं वस्त्र टाकून नवं घेणारा, असा गीतेतला आत्मा प्रत्येकाच्या डोक्यात येतो, मग तो हिंदू असो, ख्रिस्ती असो. तो एक भव्य विचार आहे, पण नेफेशचा नाही. नेफेश तुटतो, नेफेश सुकतो, नेफेश मरतो. गणना ६:६मध्ये नाजीर व्रत, म्हणजे स्वतःला देवाला वाहून घ्यायचं व्रत, घेतलेल्यानं 'नेफेश मेत'जवळ जाऊ नये असं आहे, मेत म्हणजे मेलेला. विद्यार्थी असताना मी वहीत सगळीकडे नेफेश बरोबर आत्मा असं लिहून ठेवलेलं, आमच्या सरांनी काही न बोलता हे वचन फळ्यावर लिहिलं आणि म्हणाले, आता भाषांतर कर. मेलेला आत्मा? तिथे अर्थ प्रेत आहे. त्या तासाला मी वहीतली ती ओळ खोडली. पंडिता रमाबाईंची आठवण इथे येते, संस्कृतवर तेवढं प्रभुत्व असलेली बाई, केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणते, १९२२ साली वारल्या, ग्रंथ १९२४ साली बाहेर आला, आणि भाषा कुठली निवडली तर साध्या बायकामुलांना कळेल अशी. कुठला शब्द आपल्याबरोबर काय ओझं घेऊन येतो हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार.

मग 'सोल' आला कुठून, तर टप्प्याटप्प्यानं आला. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ज्यू लोकांनी तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं, ग्रीकमध्ये आणली, नेफेशला त्यांनी 'प्सीखे' घेतलं. त्या वेळी प्लेटोला जाऊन शंभरेक वर्षं झाली होती, आणि त्याच्या विचारात प्सीखे म्हणजे शरीरात कोंडलेला, मरणानं सुटणारा आत्मा. भाषांतरकारांनी तो अर्थ घ्यायचा ठरवला असं मी म्हणत नाही, पण शब्दाबरोबर तो वास आला. पुढे लॅटिन आनिमा, पुढे सोल. नव्या करारातही कित्येक ठिकाणी प्सीखेच्या आत नेफेशच बोलतोय, मत्तय ६:२५ बघा, आपल्या प्सीखेची चिंता करू नका की काय खावं काय प्यावं. काय खावं? आत्मा कुठे जेवतो? पुन्हा घसा आला, पुन्हा जीव आला.

आता जी वचनं माझ्या बोलण्याच्या विरुद्ध जातात ती लपवणं बरोबर नाही, तुमचा भाऊ तीच काढेल. उत्पत्ती ३५:१८, राहेल बाळंतपणात जाते, 'तिचा नेफेश निघून जात असता' तिनं बाळाचं नाव बेन-ओनी ठेवलं. १ राजे १७:२१, सारफथच्या विधवेच्या मुलावर एलीया पालथा पडून म्हणतो, याचा नेफेश परत येऊ दे. मग नेफेश बाहेर जातो, परत येतो, म्हणजे वेगळी वस्तू झाली ना? माझं मत असं की 'जीव गेला', 'जिवात जीव आला' म्हणताना आपण कुठे वस्तूचा प्रवास सांगत असतो? त्याच गोष्टीत चार वचनं आधी लिहिलंय की मुलात श्वास उरला नव्हता, तिथे शब्द नेशामा. श्वास थांबला, श्वास आला. तरीही मी हे शंभर टक्के बंद प्रकरण मानत नाही, कारण २००८ साली तुर्कस्तानात झिंजिरली इथे एक दगडी शिळा सापडली, इसवीसनपूर्व आठव्या शतकातली, कातुमुवा नावाच्या अधिकाऱ्याची, त्यावर तो स्वतः म्हणतो की या शिळेत असलेल्या माझ्या 'नबश'साठी मेंढा द्यावा. नबश म्हणजे आपला नेफेशच, त्या भागातल्या उच्चारात. म्हणजे इस्राएलच्या शेजारात काही लोक तरी मानत होते की माणूस मेल्यावर त्याचा नेफेश दगडात राहू शकतो. यहेज्केल १३मध्ये नेफेश पकडणाऱ्या बायकांवर संदेष्टा तुटून पडतो, तेही याच पार्श्वभूमीवर वाचणारे अभ्यासक आहेत. आणि येशू मत्तय १०:२८मध्ये म्हणतो, शरीर मारतात पण प्सीखे मारू शकत नाहीत त्यांना भिऊ नका. हे सगळं आहे. तेव्हा 'बायबलमध्ये मेल्यावर काही नाहीच' असा अर्थ माझ्या उत्तरातून काढू नका. एवढंच म्हणतोय की नेफेश या शब्दाचं नेहमीचं काम ते नाही.

नेहमीचं काम काय, तर जिवाचं. आणि इथे मला मराठीचा खरंच हेवा वाटावा इतका आनंद होतो. १ शमुवेल १८:१, योनाथानाचा नेफेश दावीदाच्या नेफेशशी बांधला गेला. आपल्याकडे याला जिवलग म्हणतात, जिवाला जीव देणारा म्हणतात. उत्पत्ती ४४:३०, यहूदा इजिप्तमध्ये हात जोडून सांगतो, म्हाताऱ्याचा नेफेश या पोराच्या नेफेशशी बांधलेला आहे, याला सोडून गेलो तर बाप मरेल. म्हणजे बापाचा जीव बन्यामीनात अडकलाय. उत्पत्ती ४६:२७, याकोबाच्या घरचे इजिप्तमध्ये आलेले एकूण नेफेश ७०, म्हणजे सत्तर जीव, रेशनकार्डावरची माणसं मोजावीत तसे. फक्त एका ठिकाणी जपून. हन्ना १ शमुवेल १:१५मध्ये म्हणते मी परमेश्वरासमोर माझा नेफेश ओतला. मराठीत 'जीव ओतला' म्हणजे मन लावून काम केलं, तिथे हा अर्थ नाही, तिनं आतलं सगळं दुःख रिकामं केलं. सारखेपणा इतका असला की असा एखादा दगा होतो.

निर्गम २३:९ एवढं एक सांगतो आणि मग पुढे जातो. परक्यावर जुलूम करू नका, परक्याचा नेफेश तुम्हाला ठाऊक आहे, कारण मिसर देशात तुम्ही परके होता. परक्या गावात राहिलेल्या माणसाच्या जिवाला कसं होतं ते तुम्ही भोगलंय. इथे तर सोल, आत्मा, प्राणी, काहीच चालत नाही. जीवच हवा. आणि तीनच वचनांनंतर, २३:१२मध्ये, शब्बाथ कशासाठी तर बैलाला, गाढवाला विश्रांती मिळावी आणि दासीच्या मुलाला, परक्याला 'नफश' व्हावं, म्हणजे दम घेता यावा, जिवात जीव यावा, हे नेफेशचंच क्रियापद. निर्गम ३१:१७मध्ये तेच क्रियापद देवासाठी आहे, सातव्या दिवशी देव थांबला आणि त्यानं दम घेतला. दासीचं पोर आणि परमेश्वर एकाच क्रियापदाखाली. मी हे कितीदा शिकवलं असेल, अजून त्या ओळीशी आलो की थांबतो.

ज्यू परंपरेनं हा अर्थ जगण्यात किती उतरवला त्याचं एक उदाहरण म्हणजे पिकुआख नेफेश, जीव वाचवण्यासाठी शब्बाथ मोडता येतो, नव्हे मोडावाच लागतो. दुसरं, रक्त. लेवीय १७:११, देहाचा नेफेश रक्तात आहे, म्हणून रक्त खायचं नाही, म्हणून कोशर, म्हणजे ज्यू नियमांत बसणारं, मांस मीठ लावून रक्त निथळून घेतात. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांना, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली म्हणायचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. त्यांची परंपरा सांगते की बाहेरच्या ज्यूंशी संबंध तुटलेल्या त्या शतकांत हिब्रू प्रार्थनांपैकी शेमा, म्हणजे 'हे इस्राएला, ऐक' ही प्रार्थना, तेवढी तोंडात उरली होती. शेमाच्या पुढच्याच ओळीत आहे, परमेश्वरावर प्रीती कर, पूर्ण मनानं, पूर्ण नेफेशनं. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, मिश्ना या त्यांच्या जुन्या नियमग्रंथात याचा अर्थ सांगितला, त्यानं तुझा नेफेश घेतला तरीही. म्हणजे जीव गेला तरी.

तर आता थोडक्यात: मराठी भाषांतर चुकलेलं नाही, नेफेश म्हणजे आधी घसा, त्यातून भूक-तहान, श्वास, जीव, आणि शेवटी अख्खा माणूस, आत्मा हा शब्द मराठीत रूअखसाठी आहे, आणि गाईगुरांनाही नेफेश आहे. स्वतः तपासायचं असेल तर मूळ हिब्रू शब्दांना क्रमांक देणाऱ्या बायबल अॅपमध्ये नेफेशचा स्ट्राँग क्रमांक, हिब्रू ५३१५, शोधा, पंधरा-वीस वचनं काढून प्रत्येक ठिकाणी आधी गळा, मग जीव, मग 'मी' असं घालून वाचा, वाक्य स्वतःच सांगतं कुठला बसतो.

राहिली आजी. बायबलची आशा नेफेश सुटून जाण्यावर टांगलेली नाही, ती माणूस परत उठवला जाण्यावर आहे, दानीएल १२:२, धुळीत निजलेले जागे होतील. माती आणि श्वास मिळून नेफेश झाला होता, म्हणून आशा धरायची तर अख्ख्या माणसाची. तोवर तो जीव कुठे असतो? याला मी शब्दकोशातून उत्तर देऊ शकत नाही, पण एक वचन देऊ शकतो. १ शमुवेल २५:२९, अबीगईल दावीदाला म्हणते, माझ्या धन्याचा नेफेश परमेश्वराजवळ जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहील, आणि शत्रूंचा तो गोफणीतून भिरकावून देईल. हे भाषांतर माझं आहे, गाठोडं हा शब्द मी मुद्दाम ठेवलाय, हिब्रूत 'त्सरोर' म्हणजे फडक्यात गाठ मारून बांधलेली पुरचुंडी, उत्पत्ती ४२:३५मध्ये योसेफाच्या भावांचे पैसे अशाच पुरचुंड्यांत निघतात. तिथे अबीगईल जिवंत माणसाबद्दलच बोलत होती, जीव सुरक्षित राहील एवढंच. पण पुढे ज्यू लोकांनी हे वचन मृतांसाठी घेतलं, त्यावर बेतलेल्या पाच शब्दांच्या प्रार्थनेची पाच आद्याक्षरं जगभरातल्या ज्यू कबरींवर कोरलेली असतात.

तुमच्या आजीनंही पदराच्या गाठीत काहीतरी बांधून ठेवलं असेल, किल्ली असेल, दोन-पाच रुपये असतील. वर्षश्राद्धाच्या प्रार्थनेला वाचायला वचन शोधताय असं तुम्ही लिहिलंय, उत्पत्ती २:७ परत नको असेल तर हे वाचा, आणि वाचताना 'जीव' म्हणा.